ग्रंथालय मोबाइलवर आले, पण घरातला मोबाइल कोणाच्या हातात?



गेल्या महिन्यात मुकुंदवाडीतील आमच्या वस्तीतली एक मुलगी संध्याकाळी घरी आली. एम. ए. करते. वडील वाळूजला कारखान्यात, आई चार घरची धुणीभांडी करते. चेहरा उतरलेला होता. विचारले तेव्हा म्हणाली, "काका, दोन रिक्षा बदलून ग्रंथालयात गेले. पुस्तक दुसऱ्या कोणी नेलेले. परत कधी येणार तेही कळेना. मागच्या आठवड्यातही असेच झाले." भाडे गेले, दिवस गेला आणि टिपण काढायचे राहिलेच. ग्रंथालयाचे नाव आम्ही लिहीत नाही. असे पुष्कळ ठिकाणी घडते आणि दोष एकट्या ग्रंथपालाचा नसतो. परंतु ज्या घरात रिक्षाचे भाडे भाजीच्या पैशांतून काढावे लागते, त्या घरातून शिकणाऱ्या मुलीने तिसऱ्यांदा कोणत्या उमेदीने जावे?

आज अनेक विद्यापीठे आपल्या ग्रंथालयाची सेवा मोबाइलच्या ॲपवर आणीत आहेत. आपल्या घरांत याविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणते, मोबाइलने पोरे बिघडली, त्यात आणखी हे कशाला? कोणी म्हणते, आता सारे मोबाइलवर आले, ग्रंथालयात जाण्याचे कारणच उरले नाही. आमच्या मते दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत.

आम्ही कारकून माणसे. जन्म आवक-जावक नोंदवहीत गेला. म्हणून आमच्या भाषेत सांगतो. ग्रंथालयाच्या संगणकात प्रत्येक पुस्तकाची नोंद असते: नाव, लेखक, विषय, कपाटाचा क्रमांक, पुस्तक आत आहे की बाहेर, बाहेर असेल तर परतीची तारीख. ॲप ही त्या नोंदवहीची खिडकी आहे. आपण घरून विचारायचे, नोंदवहीने उत्तर द्यायचे. त्या मुलीला हे उत्तर आदल्या रात्री मिळाले असते तर तिने पुस्तकावर आपला क्रमांक लावला असता आणि पुस्तक आल्याचा निरोप आल्यावरच घर सोडले असते. परतीची तारीख जवळ आल्याची आठवण मिळाली असती, मुदत घरूनच वाढवता आली असती, दंड वाचला असता. मात्र नोंदवहीच अपुरी असेल तर खिडकी कितीही रंगवा, आत अंधारच दिसणार. म्हणून ॲपवर खर्च करण्यापूर्वी नोंदी पूर्ण करण्यावर खर्च झाला पाहिजे.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांतील एक. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या घरात वेळ म्हणजे पैसा नव्हे, वेळ म्हणजे भाकरी. हा नियम सर्वांत जास्त आपल्यासाठी आहे.

आता आपल्या विद्यापीठाचा विस्तार पाहा. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. त्यासाठी समाजाने काय सोसले, ते या पानाच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहेत. कर्नाटकच्या सीमेला लागून असलेला उमरगा तालुका इथून अडीचशे किलोमीटरहून लांब. तिथल्या शेतमजुराच्या मुलाने एक संदर्भ पाहण्यासाठी एस. टी. धरून यावे काय? १९५० साली बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय सुरू केले ते मराठवाड्यातील मुलांना दूर हैदराबादकडे पाहत बसावे लागू नये म्हणूनच ना? ज्ञान विद्यार्थ्याच्या जवळ नेणे हेच ते काम. आजच्या काळात त्या कामाचे एक साधन ॲप आहे.

काही साधने आजही तयार आहेत आणि मोफत आहेत. खरगपूरच्या आय. आय. टी.ने केंद्र सरकारसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उभारले. १९ जून २०१८ रोजी ते देशाला खुले झाले. त्याचे मोबाइल ॲप आहे, सभासद होण्यास पैसा लागत नाही. देशातील विद्यापीठांचे पीएच. डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात घरबसल्या वाचता येतात. बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले, त्यांतील इंग्रजी खंडही संगणकावर मोफत मिळतात. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? आम्ही परवा विहारात विचारले. बारा मुलांपैकी दोघांनी हात वर केले.

विद्यापीठे व महाविद्यालये ॲप करवून घेतात तेव्हा काही गोष्टी आम्हांला सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट भाषेची. शंकरराव खरात हे याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांचे आत्मचरित्र 'तराळ-अंतराळ'. अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांची नोंद इंग्रजी अक्षरांत केलेली असते. एकाने 'तराळ' एका स्पेलिंगने लिहिले, दुसऱ्याने दुसऱ्या. मुलाने मराठीत शोधले की उत्तर येते, पुस्तक नाही. पुस्तक मात्र कपाटात धूळ खात असते. मराठी पुस्तक मराठी अक्षरांत शोधता आले पाहिजे, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी सापडले पाहिजे. 'कोहा' ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, कोणालाही मोफत वापरता येणारी संगणक प्रणाली भारतातील पुष्कळ ग्रंथालये वापरतात. तिच्यात देवनागरी नोंदी ठेवता येतात. तेव्हा सोय नाही, ही सबब आता चालणार नाही.

दुसरी गोष्ट फोनची. आपल्या मुलांचे फोन स्वस्तातले, बहुधा जुने. जागा भरलेली, रिचार्ज संपत आलेला. ॲप हलके असावे. जे ते उतरवून घेऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी तीच माहिती साध्या पानावर दिसावी. जुन्या प्रश्नपत्रिका एकदा घेतल्या की पुढे नेट नसतानाही उघडाव्यात.

तिसरी गोष्ट विश्वासाची. पुस्तक शोधण्यासाठी फोनमधील सर्वांचे नंबर आणि फोटो ॲपला कशाला हवेत? कोणी कोणते पुस्तक वाचले, ही त्या वाचकाची खासगी बाब आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे. ग्रंथालयाने तो आपणहून पाळावा.

चौथी गोष्ट, ॲप आले म्हणून खिडकीवरचा माणूस आणि अभ्यासिकेतला बाक काढून घेऊ नये. एका खोलीच्या घरात पाच माणसे राहतात, तिथे मुलाला अभ्यासिकेचा दिवाच आधार असतो. ज्याच्याजवळ फोन नाही, त्यालाही पुस्तकावर क्रमांक लावता आला पाहिजे.

आणि हे सारे ठरवताना कार्यालयातील चार साहेबांच्या महागड्या फोनवर ॲप तपासू नये. उमरग्याचा, आष्टीचा, भोकरदनचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बोलवावा, त्याच्या हातातल्या फोनवर ते चालवून पाहावे. त्याला जमले तर ते ॲप चांगले.

शेवटी थोडे आपल्या घरातले. आम्ही त्या मुलीला विचारले, "तुझ्या फोनवर हे करून पाहिलेस का?" ती हसली. म्हणाली, "काका, घरात फोन एकच. दिवसा बाबांबरोबर ड्युटीवर. रात्री दादाकडे. माझ्याकडे येतो तेव्हा चार्जिंग संपलेले असते." या उत्तराने आमची मान खाली गेली, कारण आमच्याही घरात मुलाला फोन आधी मिळाला, मुलीला नंतर.

विद्यापीठाकडे आपण हक्काने मागणी करू. निवेदन आम्ही लिहून ठेवले आहे, सह्यांसाठी पुढच्या रविवारी विहारात ठेवू. परंतु ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढे सोसले, त्याने आपल्या लेकीला रात्री एक तास घरातला फोन चार्ज करून द्यावा, यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. माता-भगिनींनो, ती वेळ तुम्ही ठरवून टाका. दादाने त्या तासात पुस्तक वाचावे.