‘गहाळ’ नको, ‘चोरी’ लिहा!

भवानी पेठेत कुणाचा मोबाइल चोरीला गेला की घरातून पहिला सल्ला येतो, ‘जाऊ दे, पोलिसांत कशाला जातोस?’ आणि गेलंच कुणी, तर बऱ्याचदा हातात पडतो तो मोबाइल ‘गहाळ’ झाल्याचा दाखला. त्यावर नवीन सिम मिळतं आणि विषय संपतो. पण गहाळ म्हणजे आपणच हरवला ना? मग चोर गेला कुठं? गुन्हाच नोंदवला नाही, तर तपास कशाचा होणार?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आपल्या बाजूनं बरंच बोलते. कलम १७३ नुसार हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, एफआयआरची प्रत मोफत द्यावी लागते. ठाण्यात नकार मिळाला तर तक्रार लिहून वरिष्ठ अधिकाऱ्यांना पोस्टानं पाठवायची. तिथंही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत कळवणंही बंधनकारक आहे. मेसेजनं कळवलं तरी चालतं. (मोबाइलच चोरीला गेलाय, हा भाग वेगळा!)

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. याच कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आयफोनवाल्याची चोरी दखलपात्र आणि विड्या वळणाऱ्या मावशींचा चार हजारांचा सेकंडहँड फोन अदखलपात्र? तिच्यासाठी ती कितीतरी दिवसांची मजुरी असते. हातातून हिसकावला असेल तर मात्र किंमत कितीही असो, तो दखलपात्र गुन्हा आहे. म्हणून तक्रारीत ‘हिसकावला’ हा शब्द आलाच पाहिजे.

बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांत पीडितेला खासगी रुग्णालयानंही प्रथमोपचार मोफत द्यायचे असतात. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा नंबर आहे. पण हे माहीत कुणाला?

तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवलीच पाहिजे, असंही कायदा सांगतो. आपल्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, कन्नडही आहे. मराठीत वाचून दाखवलेलं त्या मावशींना किती कळणार? हे हक्क तेलुगू आणि कन्नडमध्ये लिहिलेला एक फलक ठाण्याच्या दारात लावायला कितीसा खर्च येतो?