वय : कामाचे आणि कागदाचे

(द्वितीय वर्ष, कला)

वृद्धांच्या प्रश्नावर बोलायचे म्हटले की आपल्या वक्तृत्व स्पर्धांतून एकच भाषण ऐकू येते. मुलगा परदेशी जातो, सून विचारीत नाही आणि शेवटी वृद्धाश्रमाचे दार. त्यात कोणीतरी 'नटसम्राट'मधला उतारा म्हणतो आणि सभागृह हळहळते. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. त्याची थोरवी मी कोण ठरवणार? पण अप्पासाहेब बेलवलकरांजवळ मुलांना वाटून टाकण्यासाठी काहीतरी होते. ज्यांच्याजवळ वाटायला काहीच नाही, त्यांचे म्हातारपण या भाषणांत कधी येत नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराची मुलगी. आमच्याकडे माणूस म्हातारा झाला की नाही, हे मुकादम ठरवतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढता आले नाही की पुढच्या वर्षी उचल मिळत नाही. मजुरी टनावर, ज्याच्या हातून टन निघत नाही, तो नको. मी पहिलीत होते त्या वर्षी, "आबा, आता घरी बसा, लेकरं सांभाळा," एवढे बोलून मुकादमाने माझ्या आजोबांना निवृत्त केले. कागदाप्रमाणे तेव्हा त्यांना धड पन्नाशीही लागली नव्हती. निवृत्तीच्या समारंभात शाल आणि नारळ देतात. आजोबांना नुसताच नारळ मिळाला.

'लेकरं सांभाळा' हे किती सहज म्हटले जाते! दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याच्या वाटेला लागले की गावात उरतात म्हातारी माणसे आणि पोरे. पुढचे पाच-सहा महिने पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, शेरडे राखायची, पोराला ताप आला तर डॉक्टरकडे न्यायचे आणि शाळेत पालक म्हणून अंगठा उठवायचा, हे सारे त्यांनीच करायचे. ज्या घरात मागे राहणारे कोणी नसते, तिथली मुले बहुधा आईबापांबरोबर जातात. मुलगी असेल तर ती कोपीवर धाकट्याला सांभाळीत बसते आणि तिची शाळा तिथेच संपते. माझ्या काही मैत्रिणींची तशीच संपली. मी आज बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे, ती आजी-आजोबा मागे राहिले म्हणून. पण या कामाला मजुरी नाही. म्हणून 'म्हातारा बसून खातो' असे आपण खुशाल म्हणतो. (अर्थशास्त्राच्या तासाला राष्ट्रीय उत्पन्न शिकलो. त्यातही हे काम धरत नाहीत!)

आता सरकारचे पाहू. श्रावणबाळ योजनेसाठी ६५ वर्षे पूर्ण लागतात. आजोबांच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९६३. आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीलाच झालेला आहे. कार्ड काढणाऱ्याने तोंडाकडे पाहून साल टाकले, दुसरे काय? १९७२ च्या दुष्काळात आजोबा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडीत होते. तिथे वाटलेली सुकडी त्यांना अजून आठवते. "तवा मला मिसरूड फुटत होतं," असे ते सांगतात. कागद खरा मानला तर खडी फोडणारा तो गडी नऊ वर्षांचा होता! तालुक्याच्या एका कचेरीत आम्ही हे सांगून पाहिले. उत्तर मिळाले, जन्माचा नाहीतर शाळेचा दाखला आणा. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याने दाखला कुठून पैदा करायचा? तर असे आजोबा मुकादमाच्या लेखी म्हातारे आणि साहेबांच्या लेखी तरणे.

उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या. आमदाराला २५ ही खालची मर्यादा आहे, वरची नाहीच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बसून करायच्या कामाची आणि मोळी उचलायच्या कामाची वये वेगळी असायचीच. मग निवृत्तिवेतनाला मात्र सर्वांचे वय एकच कसे?

२००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी कायदा झाला. इस्टेट लिहून घेऊन आईबापांना टाकणाऱ्याला त्याने चाप बसतो, ही गोष्ट चांगलीच. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा त्यात दरमहा १०,००० रुपये ठरवली आहे. पण हा कायदा मुलाच्या खिशाकडे पाहतो आणि माझ्या वडिलांच्या खिशात उचलीचे पैसे असतात, म्हणजे अजून न केलेल्या कामाचे. मुलाने आईबापांना सांभाळावे, हे कोणी नाकारत नाही. पण तो मुलगाही पाच-सात वर्षांत मुकादमाच्या नजरेतून उतरणार आहे!

माझे म्हणणे एवढेच की, ज्यांच्याजवळ दाखले नाहीत त्यांचे वय गावातल्या जाणत्या माणसांच्या साक्षीने ग्रामसभेत ठरावे आणि ऊसतोड्यासाठी ६५ ची अट ५५ वर आणावी. खर्च वाढेल, हे मला कळते. आज तो खर्च वाचतो, तो आजोबांच्या ताटातून.

१ जानेवारी २०२८ रोजी आजोबा सरकारी हिशेबाने म्हातारे होतील. तोवर वडील पन्नाशीला टेकलेले असतील.