बिटाचा रस चविष्ट करा, गोड करू नका

"डॉक्टर, तीन महिने रोज एक ग्लास बीट-गाजराचा ज्यूस घेतेय. मग रक्त कमी कसं?"

शिरवळच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या ताईंचा हा प्रश्न. हिमोग्लोबिन ७.८. लोहाच्या गोळ्या घरात होत्या, पण त्यांनी पोट बिघडतं म्हणून ठेवून दिल्या होत्या. ज्यूस मात्र नेमाने. "छान लागतो हो, सफरचंद आणि मध घालते ना त्यात."

मला राग त्या ताईंचा आला नाही. लाल रस म्हणजे रक्त, हे आपल्या मनात इतकं घट्ट बसवून ठेवणाऱ्यांचा आला. बिटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा असतो, त्याचा हिमोग्लोबिनशी काही संबंध नाही. १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम पाऊण-एक मिलिग्रॅम. बाईच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम असावं, असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. आता तुम्हीच हिशेब करा, किती बिटं किसणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. एवढ्या बायकांना ग्लासभर लाल रंगावर समजूत घालून घरी पाठवणं मला मान्य नाही.

दुसरं भांडण चवीचं आहे. बिटाला मातीचा वास येतो. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येतो तोच. पावसात तो आपल्याला आवडतो, ग्लासात नाही. मग तो झाकायला आपण काय करतो? सफरचंद, मोसंबी, मध, खडीसाखर. चोथा गाळून टाकतो. ग्लासभर गाजराच्या रसाला जवळजवळ अर्धा किलो गाजरं लागतात. ती चावून खायची म्हटली तर निम्म्यात तोंड दुखेल. रस दोन मिनिटांत संपतो आणि त्यातली साखर एकदम रक्तात उतरते. वर पुन्हा मध. (मध ही साखरच आहे. नैसर्गिक आहे, मान्य. ऊसही नैसर्गिकच असतो.) मधुमेहाचे पेशंट मला अभिमानाने सांगतात, "चहा बंद केला, ज्यूस सुरू केला." यापेक्षा बिनसाखरेचा चहा परवडला.

म्हणजे बीट पिऊच नका असं नाही. चव आणायची असेल तर गोडाच्या वाटेने जाऊ नका, आंबटाच्या जा. जिओस्मिन आंबटात टिकत नाही, म्हणून लिंबू पिळलं की मातकटपणा खरोखरच कमी होतो. तो वास सालीत जास्त असतो, तेव्हा साल जरा जाड काढा. माझ्या घरी बरेच ग्लास ओतून दिल्यावर जमलेलं प्रमाण सांगतो: एक लहान उकडलेलं बीट, एक गाजर, बोटाच्या पेराएवढं आलं (आपलं सातारी आलं झणझणीत, जास्त घालू नका), मिक्सरमधून बारीक करून त्यात दोन वाट्या पातळ ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चार पानं पुदिना. गाळायचं नाही. दोघांना पुरतं. मुळा घालून पाहिला होता, पण उग्रपणा सगळ्यावर मात करतो. घालायचाच तर एक चकती. सांगलीची ओली हळद मिळाली तर नखभर. काळं मीठ चिमूटभरच, कारण तेही मीठच आहे, आणि रक्तदाबवाल्यांनी तर नकोच.

गाजराचं एक लक्षात ठेवा. त्यातलं बीटा कॅरोटीन शरीरात जायला थोडं तेल-तूप लागतं. म्हणून तेलाची फोडणी दिलेली गाजराची कोशिंबीर नुसत्या रसापेक्षा कधीही सरस. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

बिटाचा एक गुण मात्र खरा आहे. त्यातल्या नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि काही जणांचा रक्तदाब थोडा उतरतो. थोडाच. त्या जोरावर गोळी बंद करू नका. ती बंद करून आलेले लोक मी पाहिलेत, आणि काही जण स्वतःच्या पायांनी आले नव्हते.

कॅल्शियम ऑक्झलेटचा मुतखडा होऊन गेला असेल, तर बिटाचा रोजचा रस तुमच्यासाठी नाही. बिटात ऑक्झलेट भरपूर असतं. कधीतरी खाल्लं तर उकडून, पाणी फेकून आणि ताका-दह्याबरोबर. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. किडनी निकामी होत आलेल्यांनी पोटॅशियममुळे विचारल्याशिवाय एक घोटही घेऊ नये. लघवी लालसर झाली तर आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का ते आठवा. बीट बंद करूनही लाली राहिली, तर लगेच दाखवायला या.

त्या ताईंच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. पोटाला त्रास होतो म्हणून रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि हे ताक गोळीपासून दोन तास लांब. शौचाला काळी होईल, घाबरायचं नाही, हे आधीच सांगितलं. पाळीत रक्तस्राव फार होतो का, हेही विचारलं. होत होता, आणि ते आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. ज्यूस त्यांनी सोडलेला नाही, फक्त मधाची बाटली आता कपाटात वरच्या फळीवर गेली आहे.