आमदाराचा कागद आणि आपला कागद

वनहक्काच्या दाव्याची फाईल घेऊन प्रांत कचेरीच्या पायऱ्या झिजवलेला माणूस आपल्या प्रत्येक पाड्यावर आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतो, हे दाखव. एक पुरावा चालत नाही, दोन आण. म्हाताऱ्याचा जबाब आण, जुनी दंडाची पावती आण, पंचनामा आण, नकाशा आण. ग्रामसभा हो म्हणते, उपविभागीय समिती त्रुटी काढते, जिल्हा समितीत फाईल जाऊन बसते. एवढं सगळं करून कायद्यानं मिळायची ती जास्तीत जास्त चार हेक्टर, म्हणजे दहा एकराच्या आतच. कित्येकांच्या हातात प्रत्यक्षात पडले ते गुंठे.

आता दुसरा एक कागद बघा. विधानसभेला उभा राहणारा प्रत्येक उमेदवार अर्जासोबत एक शपथपत्र देतो. त्याला नमुना 26 म्हणतात. त्यात स्वतःची, बायकोची किंवा नवऱ्याची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता लिहावी लागते: रोकड, सोनं, गाड्या, शेअर, शेतजमीन, तिचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, बाजारभाव, डोक्यावरचं कर्ज. पुढारी हे आपल्या मनानं देत नाहीत. सुप्रीम कोर्टानं 2002 आणि 2003 साली निकाल दिले म्हणून द्यावं लागतं. 2018 साली कोर्टानं आणखी सांगितलं की उत्पन्न कुठनं येतं तेही लिहा.

हा कागद कुणी तपासतो का? शेतावर जाऊन पंचनामा होतो का? मोजणी होते का? नाही. सही केली, शपथ घेतली, अर्ज भरला. खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड असं कायद्यात आहे, पण खोटं आहे का हे बघायला कुणी दारात येत नाही. आपल्या दारात मात्र वनखातं, महसूल आणि भूमी अभिलेख असे तिघं येतात, आणि तिघांचं मत जुळेपर्यंत दावा लटकतो.

त्या कागदांत काय लिहिलंय ते ऐका. 2024 साली महाराष्ट्रात निवडून आलेल्यांपैकी 286 आमदारांची शपथपत्रं एडीआर या संस्थेनं वाचली. त्यात 277 जण करोडपती निघाले. एका आमदाराची सरासरी मालमत्ता 43 कोटींच्या वर. 2019 साली हीच सरासरी 22 कोटींच्या आसपास होती. सरासरी म्हटली की दोन-चार फार मोठे धनी आकडा फुगवतात, हे खरं आहे. घाटकोपर पूर्वचे पराग शाह बिल्डर आहेत. त्यांनी 2019 साली सुमारे 500 कोटी दाखवले होते, 2024 साली 3,383 कोटी. त्यांनी चोरी केली असं आम्ही म्हणत नाही. त्यांना बाजूला ठेवा. तरी 286 पैकी 277 हा आकडा हलत नाही. शंभरातले सत्त्याण्णव.

रोजगार हमीवर 2025-26 सालासाठी रोज 312 रुपये ठरले होते. पुरे शंभर दिवस काम मिळालं, तर एका घराला वर्षाचे 31,200 रुपये. या हिशेबानं 43 कोटी जमवायला 13 हजारांहून जास्त वर्षं लागतील, तीही काही न खाता.

आता पगाराचं. आमदारांचा पगार आमदारच ठरवतात. घटनेच्या 195 व्या कलमानं तो अधिकार विधिमंडळाला दिलाय. खासदारांसाठी 106 वं कलम आहे. ऑगस्ट 2016 मध्ये पावसाळी अधिवेशन संपता संपता पगारवाढीचं विधेयक आलं आणि चर्चा न होता मंजूर झालं. 75 हजारांचा पगार दीड लाखाच्या वर गेला, माजी आमदारांची पेन्शन 40 हजारांवरून 50 हजार झाली. एरवी एकमेकांचे माईक ओढणारे पक्ष त्या दिवशी गप्प होते. मार्च 2025 मध्ये खासदारांचा पगार एक लाखावरून 1 लाख 24 हजार झाला, तोही मागच्या तारखेनं, एप्रिल 2023 पासून. माजी खासदाराची पेन्शन 25 हजारांवरून 31 हजार झाली. म्हणजे आपल्या एका घराला शंभर दिवस माती उपसून जे मिळतं, जवळजवळ तेवढं माजी खासदाराला दर महिन्याला घरबसल्या. आणि आपल्या म्हातारीला श्रावणबाळचे किंवा निराधारचे 1,500. तेही हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला खेटे घालून.

कुणी म्हणेल, पगार नको म्हणता, मग गरीब माणूस निवडणूक लढवणार कसा? प्रश्न बरोबर आहे, आणि याचं उत्तर आपण नीट दिलं पाहिजे. आम्ही पगाराच्या विरोधात नाही. विलायतेतल्या कामगारांनी 1838 साली सनद काढली, तिच्यात खासदारांना पगार द्या ही मागणी होती. ती कष्टकऱ्यांचीच मागणी. जमीनदाराला पगार लागत नव्हता, गिरणीतल्या माणसाला लागत होता. तो पगार त्यांना 1911 साली मिळाला. पगार असतो तो यासाठी, की मजुरी बुडवून लोकांचं काम करणाऱ्याची चूल विझू नये.

पण आपल्याकडे झालं काय? पगार वाढत गेला आणि गरीब माणूस सभागृहातून बाहेर गेला. 2019 साली डहाणूतून निवडून आलेले विनोद निकोले यांनी 51,082 रुपयांची मालमत्ता दाखवली होती. असा माणूस निवडून आला याची तेव्हा पेपरात बातमी झाली. गरिबाचं निवडून येणं बातमी होतं, यातच सगळं आलं. त्यांना पगार मिळतो तो योग्यच आहे. बाकी 277 जणांना तो कशासाठी वाढवून लागतो, हे त्यांनी ग्रामसभेत येऊन सांगावं.

आम्ही हे मांजरीहून लिहितोय. आम्ही आंबेगाव, जुन्नर, खेडच्या डोंगरातली माणसं. भात झोडून झालं की पोटासाठी पुण्याच्या अंगाला उतरतो. मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत गेलं. जिथं भाजीपाला आणि ऊस होता तिथं आता इमारती उठतात, आणि त्यांच्या विटा-वाळू आम्ही वाहतो. याच मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिच्या सभेला राज्यातले साखर कारखानदार आणि पुढारी येतात, पक्ष वेगळे असले तरी एका मांडवात बसतात. इथं बसून एक गोष्ट कळते. जमीन इथं पैसा आहे. गुंठ्याचा भाव रस्ता कुठनं जाणार, बिनशेती कधी होणार, यावर चढतो, आणि हे निर्णय ज्या सभागृहात नि कचेऱ्यांत होतात तिथं जमीनवालेच बसलेत. आपली जमीन मात्र विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. कायद्यानं ती वारसालाच जाते, आणि ते बरंच आहे. नाचणी, वरई, हिरडा एवढंच तिचं देणं. ज्यांना जमीन म्हणजे गुंठ्याचा भाव, त्यांना दीड एकर वरकसासाठी माणूस वीस वर्षं का झगडतो हे कळायचं कसं?

राज्यात 288 पैकी 25 जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. तिथले आमदार आपले आहेत, म्हणून त्यांना जास्त विचारलं पाहिजे. पगारवाढीच्या वेळी तोंड बंद आणि वनहक्काच्या वेळीही तोंड बंद, असं चालणार नाही.

तर साथींनो, येत्या ग्रामसभेत हे करा.

एक. आपल्या आमदाराचं 2019 आणि 2024 चं शपथपत्र मिळवा. ते निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर आहे. गावातल्या शिकलेल्या पोरा-पोरींना काढायला सांगा, आणि भर सभेत ओळ न ओळ मोठ्यानं वाचा.

दोन. दोन्ही कागदांत जमीन किती वाढली, कर्ज किती, उत्पन्नाचं साधन काय, हे फळ्यावर लिहा. त्याच फळ्यावर गावातले दावे लिहा: किती केले, किती मंजूर, किती एकर मागितले, किती मिळाले.

तीन. ठराव करा, की आमदार-खासदारांचा पगार त्यांनी स्वतः ठरवू नये. विलायतेत 2009 साली खासदारांच्या खर्चाच्या भानगडी उघड्या पडल्या, त्यानंतर हे काम त्यांच्या हातून काढून वेगळ्या संस्थेकडे दिलं. इथंही द्या. आणि रोजगार हमीची मजुरी ज्या टक्क्यानं वाढेल, त्याहून एक टक्काही पगार जास्त वाढू नये. मजुरी दहा-पंधरा रुपयांनी वाढली, तर त्यांनाही ती वाढ कशी लागते ते कळू दे.

चार. ठरावाची प्रत आमदाराला हातात द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका. कागद कसा सांभाळायचा हे वनखात्यानं आपल्याला चांगलं शिकवलंय.

ग्रामसभा जिंदाबाद! कसेल त्याची जमीन!