नववीतली मुलगी आणि क्रॉसकंट्री

मुळशीत पाऊस ओसरायच्या आतच शालेय स्पर्धा सुरू होतात. आधी तालुका, मग जिल्हा. क्रॉसकंट्रीत चिखल, चढ-उतार सगळंच आलं. म्हणून अम्मींना विनंती : फजरनंतरच्या सरावाला मूल उपाशी पाठवू नका, दोन खजूर, एक केळं पुरे. स्पर्धेला कोरे बूट नकोत, पायाला रुळलेलेच हवेत. ओले बूट कागद कोंबून सुकवा. नडगी दुखत असेल तर घरीच ठेवा, आम्ही रागावणार नाही.

गेल्या वर्षी आमची सर्वांत चपळ मुलगी नववीत गेली आणि घरच्यांनी तिचं धावणं थांबवलं. पूर्ण पँट, घट्ट स्कार्फ यात धावता येतं, हे आम्ही सांगून पाहिलं. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, दहावी आली, हेही सांगितलं. यंदा त्या मुलीच्या अब्बांना भेटायला आम्ही पुन्हा जाणार आहोत.