सत्तर खुणांची मराठी

एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरे मावतात, देवनागरी खुणा मात्र ७०च! त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजतात. ‘मोखाडा’ आपल्याला तीन अक्षरे, यंत्राला सहा. सत्तरी ओलांडली की व्यवसायाला दोन संदेशांचे पैसे. मग बिल वाचवायचे तर इंग्रजीत पाठवा, असा सोपा हिशेब निघतो. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर जेमतेम मराठी वाचणारी बाई खात्यातून किती गेले हे कळायला मोबाईल दुसऱ्याच्या हाती देते, त्याची किंमत कुठल्या बिलात? संदेश जरूर मोजा, फालतू जाहिराती बंद करा. ‘खात्यात ५०० रुपये जमा’ हे सत्तरीत आरामात बसते. काटकसर शब्दांत करा हो, भाषेत नको!