काळी हिरडी हा रोग नव्हे

हिरड्या काळ्या म्हणजे तोंडाला काहीतरी रोग, आणि रोग म्हणजे लेझर करून घ्यायला हवं, हा हिशेब आता आमच्या फोंडाघाटापर्यंत पोचला आहे. मुलीचं लग्न ठरवायच्या आधी आईबाप कणकवलीला नाहीतर कोल्हापूरला चौकशी करू लागले आहेत. हा हिशेब पहिल्याच पायरीला चुकतो.

कातडीला सावळेपणा देणारं मेलानिनच हिरडीलाही रंग देतं. लहानपणापासून दोन्ही बाजूंना सारखाच काळपटपणा असेल, तर ती त्या माणसाची ठेवण आहे. निरोगीपणा जोखायचा तर पाहायचं ते असं: घासताना रक्त येतं का, सूज आहे का, हिरडी दात सोडून सरकली आहे का. गुलाबी हिरडीतूनही पू येऊ शकतो, आणि काळी हिरडी ठणठणीत असू शकते.

दुसरा दावा कायमच्या गुलाबीपणाचा. शस्त्रक्रियेत वरचा रंगीत थर काढतात: सुरीने खरवडून, दात कोरायच्या फिरत्या हत्याराने घासून, विद्युत्‌शस्त्राने, द्रवरूप नायट्रोजनने गोठवून किंवा लेझरने. लेझरने रक्त कमी येतं, हे खरं. पण कडेच्या पेशी भरत्या जखमेवर सरकतात आणि रंग काही महिन्यांत वा वर्षांत परतू शकतो, मग हत्यार कोणतंही असो. हिरडी पातळ असेल तर खोल गेलेला हात दाताचं मूळ उघडं पाडतो. तोंडातल्या टाळूची कातडी काढून हिरडीवर बसवायची, तर एकाच्या दोन जखमा. शस्त्राविना उपाय म्हणजे क जीवनसत्त्वाची हिरडीत द्यायची इंजेक्शनं. त्याने मेलानिन तयार होणं मंदावतं, रंग उजळतो. पण खेपा घालाव्या लागतात, आणि परिणाम टिकाऊ असल्याची हमी नाही.

म्हणून काय, ‘देवाने दिलेल्या रंगाला हात लावू नका’ असं म्हणणाऱ्यांची बाजू घ्यायची? तीही मान्य नाही. हसताना हिरडी दिसते म्हणून तोंडावर हात धरणारी बाई हौशी नाही, तिचा संकोच खरा आहे. खर्च आणि रंग परत येण्याची शक्यता समजून सज्ञान बाईने निर्णय घेतला, तर तिला नावं ठेवायचा अधिकार कोणाला नाही. मात्र तो निर्णय तिचा असावा, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांचा नव्हे.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. निपाणी ही तंबाखूची पेठ, आणि देवगड-निपाणी रस्ता आमच्याच गावातून जातो. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, घरभर खोकला उठवणारा धूर होतो, मग चुरून डबीत भरायचं आणि पहाटे तर्जनीने हिरडीवर चोळत बसायचं: ही मशेरी. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे, पण चुलीवरच्या तव्याला कोण बंदी घालणार? मशेरीने हिरडी सरकते, पांढरे चट्टे उठतात, कॅन्सरचा धोका वाढतो. विडी-सिगारेटचा धूर तर मेलानिनच वाढवतो. ओढणं सोडलं की तो काळेपणा काही महिन्यांत वा वर्षांत आपोआप ओसरतो. त्याला ना सुरी लागते, ना पैसा. तंबाखू चालू ठेवून हिरडी खरवडणं म्हणजे गळतं छप्पर तसंच ठेवून भिंतीला रंग देणं.

म्हणून क्रम असा हवा. दाताच्या डॉक्टरांनी आधी मशेरी, विडी आणि चालू गोळ्यांबद्दल विचारावं, कारण मलेरियाच्या काही औषधांनीही रंग येतो. मग हिरडीचा आजार बरा करावा, आणि नंतर रंगाचं बोलावं. एकाच जागी नव्याने उठलेला, वाढत जाणारा काळा डाग मात्र लेझरने कधीच जाळू नये. आधी तुकडा काढून तपासणीला पाठवावा. जळून गेलेल्या मांसात कॅन्सर होता की नव्हता, हे मग कोणालाच सांगता येत नाही.